उधारीची वही

अण्णाला अक्षर येत नव्हतं.
वही होती मात्र. लाल कापडी पुठ्ठ्याची,
ऑइलच्या अंगठ्यांनी कडा काळ्या झालेली.
तिच्यात नावं नव्हती, चित्रं होती.

मोडक्या शिंगाची म्हैस म्हणजे हणमंत बिराजदार,
पाच हॉर्सपॉवरचं इंजन, नोझल दोनदा.
चंद्रकोर आणि जातं म्हणजे हैदरसाबची गिरणी.
चित्राखाली रेघा. एक रेघ, दहा रुपये.
विहिरीपाशी एक बाई होती, डोईवर पदर घेतलेली,
तिच्याखाली एकही रेघ नव्हती.
"गोदाबाईचं काहीच मांडलं न्हाई का ओ?"
"तिचं फिटलं की."
कधी, ते विचारायचं नसायचं.

बाहत्तरला खडी फोडायला गेला
आणि मशीनपाशी रेंगाळला.
मुकादमानं हाकललं, ड्रायव्हरनं ठेवून घेतलं.
पहिली कमाई: डबाभर सुकडी
आणि बारा-तेराचा एक पाना,
जो अजून आहे, दात झिजलेला.
मग निलंगा रोडला लिंबाखाली पत्र्याचं शेड.
पाटी कधी लावलीच नाही.
फांदीला टायर टांगलं होतं, लोक त्यावरून ओळखायचे.

लग्नाला निघालेला ट्रॅक्टर वाटेत बंद पडला
तर नवरदेवच खाली शिरला.
आई अजून सांगते,
"समद्या नवऱ्याला हळद लागती,
आमच्याला ग्रीस लागलं.
काळ्यावर पिवळं दिसंना, बामणानं नुसतं हूं म्हणलं."
त्याचे कपडे ती वेगळ्या पातेल्यात उकळायची, सोडा टाकून.
तरी भाकरीला डिझेलचा वास यायचाच.
परगावी गेल्यावर मला भाकरी अळणी लागायची
ती त्यामुळं.

रात्री अंथरुणातून म्हणायचा,
"बिराजदाराचं इंजन लंगडू लालंय."
आम्हाला नुसती भकभक ऐकू यायची.
सकाळी बिराजदार दारात.

भूकंपाच्या सालात अकरा रात्री घरी आला नाही.
तंबूतल्या दवाखान्याचं जनरेटर त्याच्या हाती होतं.
वहीत त्या पानावर काहीच नाही.
ऑइलचा एक डाग, बशीएवढा.

पुढं विहिरी आटल्या.
सहाशे फुटांवर मोटारी गेल्या, मुक्या.
अण्णा बोअरच्या पायपाला कान लावून बसायचा.
पंचावन्नाव्या वर्षी वायंडिंग शिकला,
तांब्याची तार, वेढे विसाविसानं मोजायचे, मोठ्यानं.
तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही.
मीठ पाहिजे, हे आई चिमटीनं सांगायची.
एकदा धाकट्याला शिंक आली
आणि चारशे वेढे परत उलगडले.
मारलं नाही. चहा मागितला फक्त.

धाकटा आता चाकणला असतो.
तिथं बोल्ट मशीन आवळतं म्हणे, तो बघतो.
अण्णाला हे नीट पटलेलं नाही.

माझं काम बॅटरी धरायचं. सहा वर्षांची असल्यापासून.
हात अवघडायचे, डुलकी लागायची,
उजेड घसरून त्याच्या बोटांवर जायचा.
"माझ्या हाताकडं नको गं, नटाकडं.
हाताला ठावं हाय कुठं जायचं ते."

आता हाताला ठावं नसतं.
नट आट्यात बसत नाही, बोटं थरथरतात,
कान तर मागंच गेले.
बाजेवर बसून वही चाळतो.

परवा मी शेजारी बसले.
शेवटच्या पानावर बॅटरीचं चित्र होतं,
काच, बटण, सगळं नीट काढलेलं.
खाली रेघा. पाच-पाचच्या जुड्या,
पान भरून मागच्या पुठ्ठ्यावर गेलेल्या.
"हे कुणाकडून यायचंय?"
दोनदा विचारावं लागलं, ओरडून.
"यायचं न्हाई. द्यायचंय."

मी मोजल्या नाहीत.
तेवढ्यात कुणाचा तरी पोरगा फटफटी ढकलत आला,
मिस्त्री हायत का म्हणाला.
अण्णानं ऐकलं नाही, पण पाहिलं,
आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.
शेडमध्ये भरदुपारीही अंधारच असतो.
मी मोबाईलचा उजेड लावला
आणि धरला. नटाकडं.